डबाभर तांब्याची नाणी : मोडीत की लाखात?

प्रश्न थोडक्यात असा. घर आवरताना माळ्यावर आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत मोजून ४१२ नाणी, जवळजवळ सगळी तांब्याची. काही ईस्ट इंडिया कंपनीची १८३५ ची, काही राणीच्या छापाची, बरीचशी भोकाची, आणि तीन-चार अशी की ज्यांच्यावर काय लिहिलंय तेच कळत नाही. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत हनुमानाच्या छापाच्या १८१८ च्या नाण्याला पन्नास लाख सांगितलेत, आणि तसं एक नाणं डब्यातही आहे. काका म्हणतात, मोडीत घाला आणि मोकळे व्हा. यातलं खरं काय?

दोघांचंही खरं मानू नका. पण कुणातरी एकाचं मानायचंच झालं, तर काका सत्याच्या जास्त जवळ आहेत.

गेली तीस वर्षं मी लोकांचे असे डबे, गाठोडी, चंच्या आणि देव्हाऱ्यातले तांबे उपडे करून बघतोय. बहुतेक वेळा शेकड्यातली नव्वद-पंच्याण्णव नाणी एका बाजूला जातात, त्यांची किंमत पाच मिनिटांत सांगता येते. उरलेल्या पाच-दहा नाण्यांवर दिवस जातो. ही पाच-दहा कुठली, ते ओळखणं म्हणजेच किंमत काढणं. नाणं किती जुनं आहे हे त्यात सगळ्यात शेवटी बघायचं असतं, आणि नेमकं तेच लोक सगळ्यात आधी सांगतात: "साहेब, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं आहे." असेल. नदीतला गोटा त्याहून जुना असतो. तशी नाणी आज किती उरली आहेत, तुमच्या हातातलं कुठल्या अवस्थेत आहे आणि ते हवं असणारे किती जण आहेत, या तीन गोष्टींवर भाव ठरतो.

सगळ्यात आधी: घासू नका. चिंच नको, लिंबू-मीठ नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच. मी बारा वर्षांचा असताना दिवाळीआधी आईने समया घासायला काढल्या होत्या. त्याच चिंचेच्या कोळात मी माझा १८६२ चा पाव आणा बुडवला. छान चॉकलेटी रंगाचं, राणीच्या झग्यावरची वेलबुट्टी मोजता येईल असं नाणं होतं ते. दोन मिनिटांत गुलाबी झालं, मी खूश. ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुढे त्याचा गुलाबीपणा जाऊन एक मेलेला, डागाळ तपकिरी रंग आला. भिंगाखाली तिरप्या उजेडात धरलं की घासल्याचे बारीक केसाएवढे ओरखडे सगळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेने गेलेले दिसतात. आलेल्या माणसाला मी ते हातात देतो, म्हणजे वेगळं भाषण द्यावं लागत नाही. तांब्यावर वर्षानुवर्षं साचलेला तो तपकिरी थर मळ नसतो, तो धातूचाच बदललेला वरचा पापुद्रा असतो. तो गेला की संग्राहकाच्या लेखी नाण्याची त्वचाच सोलली गेली, आणि किंमत निम्म्याच्याही खाली येते. फारच माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा आणि सुती कपड्यावर टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं.

आता एका जुन्या चादरीवर सगळी नाणी ओता आणि ढीग लावा. सोबत ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग हवं. ही दोन्ही हत्यारं स्वस्त आहेत आणि पुढे जे सांगतोय ते त्यांच्याशिवाय होणार नाही.

ढीग लावण्याआधी जुना हिशोब डोक्यात असू द्या, कारण आजच्या पिढीला नाण्यांची नावंच गोंधळात टाकतात. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. त्यामुळे ज्याच्यावर इंग्रजीत 'वन क्वार्टर आना' लिहिलंय तो घरात साधा 'पैसा' होता, 'हाफ आना' म्हणजे दोन पैशांचा ढब्बू, आणि 'वन ट्वेल्फ्थ आना' म्हणजे पै.

पहिला ढीग कंपनीचा. १८३५ च्या कायद्याने कंपनीने आपल्या सगळ्या मुलखात एकसारखं चलन आणलं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या टांकसाळींतून हे पाव आणे अक्षरशः पाऊस पडावा तसे पडले. एका बाजूला झेंडे धरलेले दोन सिंह आणि मधे ढाल, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेटोळ्यात किंमत. नवीन असताना वजन ६.४७ ग्रॅम. गावोगावी, देव्हाऱ्यात, विहिरीच्या गाळात हे अजून निघतात. सिंहांच्या अंगावरचे स्नायू आणि आयाळ घासून सपाट झाली असतील, तर असं एक नाणं शंभर रुपयांच्या आतच विकलं जातं, आणि तेही नवशिका संग्राहक मिळाला तर. सिंहाच्या बरगड्या मोजता येत असतील आणि ढालीच्या कडा धारदार असतील तर ते बाजूला काढा.

जुनं असूनही स्वस्त का, याचं माझं आवडतं उदाहरण समुद्रातलं आहे. 'अॅडमिरल गार्डनर' नावाचं कंपनीचं जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर फुटलं. त्यात मद्रासकडे निघालेली १८०८ सालची १० आणि २० कॅशची (कॅश म्हणजे मद्रासकडचं लहान चलन) कोरी तांब्याची नाणी टनांनी भरलेली होती. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी ती लाखांनी वर काढली. आज १८०८ चा चकचकीत २० कॅश जगात कुठल्याही नाण्यांच्या दुकानात मिळतो. पावणेदोनशे वर्षं समुद्राच्या तळाशी असलेलं नाणं म्हणून ऐकायला केवढं भारी! पण पिंपभर नाणी बाजारात आली की गोष्टीला भाव उरतो, नाण्याला नाही.

आता तो हनुमान. राम-सीतेचा दरबार, हनुमान, कमळ, ॐ असे छाप, मागे 'ईस्ट इंडिया कंपनी', साल १८१८ किंवा १८३९, कधी १७१७, कधी १६१६, आणि 'यूकेएल वन आना' अशी अक्षरं. ही नाणीच नव्हेत. कंपनीने असे आणे कधी पाडले नाहीत. १६१६ साली इंग्रजांचा वकील सर थॉमस रो जहांगीराच्या दरबारात व्यापाराची सवलत मागत खेटे घालत होता, तो कुठले आणे पाडणार! हे तुकडे नंतर कुणी ना कुणी तीर्थक्षेत्री विकायला, देव्हाऱ्यात ठेवायला किंवा सरळ फसवायला बनवलेले आहेत. तुमचं काट्यावर ठेवा आणि शेजारी तशाच दुसऱ्याचं वजन करून बघा, दोन्हींत दोन-दोन ग्रॅमचा फरक निघेल. टांकसाळ असा कारभार करत नाही. देव्हाऱ्यात ठेवायचं तर खुशाल ठेवा. याच्याच पुढची पायरी म्हणजे 'राइस पुलर', म्हणजे तांदळाचे दाणे ओढून घेणारं म्हणे दैवी तांब्याचं नाणं. त्यासाठी जमीन गहाण टाकलेला माणूस माझ्यासमोर बसून रडलेला आहे. पोलिसांत जा म्हणून मी त्याला सांगितलं, याहून जास्त माझ्या हातात नव्हतं.

दुसरा ढीग राणीचा. १८५८ मध्ये कारभार कंपनीकडून राणीकडे गेला आणि १८६२ पासून तिचा चेहरा नाण्यांवर आला. १८७६ पर्यंत 'व्हिक्टोरिया क्वीन' आणि १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' असं लिहिलेलं असतं. पाव आणे भरपूर, पैही भरपूर. राणीचा तांब्याचा ढब्बू, म्हणजे अर्धा आणा, मात्र बराच कमी दिसतो. मोठं, साधारण १२.९ ग्रॅमचं नाणं असतं ते. ढिगात असा एखादा असेल तर तो झिजलेला असला तरी वेगळ्या पाकिटात.

अवस्था कशी वाचायची ते राणीच्या नाण्यावरच शिकावं, कारण तिथे बारकावे भरपूर आहेत. खिडकीजवळ बसा, नाणं कडेला दोन बोटांत धरा आणि हळूहळू तिरपं फिरवा. झीज सगळीकडे सारखी होत नाही, आधी उंच जागा जातात. कानावरचे केस, मुकुटाची वरची रांग, खांद्यावरचा झगा. झग्यावर वेलबुट्टी मुळीच दिसत नसेल, नुसता गुळगुळीत खांदा असेल, तर नाणं साधारण. अर्धी वेलबुट्टी दिसते आणि मुकुटाचे खडे सुटे दिसतात, म्हणजे संग्राहक ज्याला 'व्हेरी फाइन' म्हणतात त्या बऱ्या अवस्थेच्या आसपास. सगळी फुलं, सगळे खडे आणि शिवाय अक्षरांच्या खोबणीत मूळ तांबूस झळाळी उरली असेल, तर ते नाणं व्यवहारात फारसं फिरलंच नाही. एकाच सालचा एकच पाव आणा पहिल्या अवस्थेत चहा-वड्याच्या पैशांत मिळतो आणि शेवटच्या अवस्थेत हजारांत जातो. तांब्यात मूळ लाल रंग टिकणं सोप्पं नाही, म्हणून परदेशी ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे नाणं तपासून त्याच्या अवस्थेला आकडा देणाऱ्या, तांब्याला आकड्याबरोबर रंगही लिहितात: तपकिरी, लाल-तपकिरी किंवा लाल.

तिसरा ढीग सातव्या एडवर्डचा, आणि इथे काटा कामाला येतो. १९०६ सालच्या पाव आण्याचे दोन प्रकार आहेत, कारण त्याच वर्षी सरकारने तांब्याऐवजी काशाची हलकी नाणी पाडायला सुरुवात केली. तांब्याचं ६.४७ ग्रॅम, काशाचं ४.८६ ग्रॅम. वरवर दोन्ही सारखीच, हातात घेतल्यावर मात्र पातळपणा जाणवतो. साल वाचून कॅटलॉगातली पहिली किंमत उचलणारे इथे हमखास चुकतात. १९०६ ची सगळी नाणी एकेक करून तोला.

पाचव्या जॉर्जचा ढीग बहुधा मोठा असेल. त्यात १९११ शोधा. त्या वर्षीच्या नाण्यांवर राजाच्या पायघोळ झग्यावरच्या मानचिन्हात जो बारीकसा हत्ती होता, त्याची सोंड इतकी आखूड झाली की तो डुकरासारखा दिसायला लागला. मुसलमानांकडून ओरड झाली आणि १९१२ पासून सोंड लांब, कान मोठे असा नीट हत्ती आला. बाजारात या १९११ च्या नाण्यांना 'पिग' असंच म्हणतात. रुपया जास्त गाजला, कारण त्यातले बहुतेक सरकारने वितळवले. पाव आण्याला रुपयाइतका भाव नाही, पण झग्यावरचा 'डुक्कर' भिंगातून स्वच्छ दिसत असेल तर शेजारच्या १९१२ पेक्षा त्याला नक्कीच गिऱ्हाईक आहे. बाकीची १९१२ ते १९३६ ची नाणी ढिगातच राहू द्या.

भोकाच्या पैशाबद्दल फार लिहीत नाही. दुसऱ्या महायुद्धात तांबं दारूगोळ्याला लागत होतं, म्हणून १९४३ ते १९४७ या काळात मधे भोक पाडून दोन ग्रॅमचा पैसा काढला. तो मुंबई-कलकत्त्याखेरीज लाहोरला आणि दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियालाही पाडून घेतला. इतका पाडला की आजही वाण्याच्या गल्ल्यात वॉशर म्हणून सापडतो. मात्र ढिगातली भोकाची सगळी आपलीच आहेत ना, हे बघून घ्या. एखादं बरंच मोठं असेल आणि भोकाच्या दोन बाजूंना हस्तिदंत असतील तर ते पूर्व आफ्रिकेचे १० सेंट. आपल्याकडचे बरेच लोक त्या काळी मोंबासा-झांझिबारकडे जात, त्यांच्या खिशातून आलेलं. तेही स्वस्तच. त्याच वाटेने कधी ब्रिटिश पेनीही येतात, चांगल्या मोठ्या. त्यात १९३३ सालची पेनी मिळाली तर मला रात्री दोन वाजता फोन करा, कारण त्या वर्षी जेमतेम सात-आठच पाडल्या. मिळणार नाही, पण साल बघायला काय जातं.

१९५० ते ५५ चा घोड्याचा पैसा आणि १ एप्रिल १९५७ पासूनचे नवे पैसे मुलांना खेळायला द्यायला हरकत नाही. 'नया पैसा' हा शब्द बघून काहींना ते दुर्मीळ वाटतं. १९६४ मध्ये 'नया' गळला, एवढंच.

आता तो ढीग, जो मी चादरीवर पडल्या पडल्या आधी ओढून घेतो: साल नसलेली किंवा साल विचित्र असलेली नाणी.

विचित्र साल म्हणजे काय? तुम्ही पाठवलेल्या फोटोत एका ढब्बूवर देवनागरीत 'दोन पैसे' आणि १९४८ आहे. तुम्ही विचारलंय की स्वातंत्र्यानंतरचं नाणं इतकं जुनाट कसं. ते १९४८ विक्रम संवतातलं आहे, ५७ वजा करा, म्हणजे १८९१. घोड्याचा खूर आणि बाकदार तलवार दिसतेय, तेव्हा हे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं. संस्थानी तांब्याला ब्रिटिश तांब्यापेक्षा जास्त जीव आहे, कारण पाडलं कमी गेलं आणि त्या त्या भागातले लोक आपल्या संस्थानाचं म्हणून आवडीने घेतात. इंदूरची, ग्वाल्हेरची, कच्छची, निजामाची अशी नाणी मराठी घरांच्या डब्यात असतात. हिजरी साल असेल तर हिशोब वेगळा, तिथे वर्षच चांद्र असल्यामुळे नुसती वजाबाकी करून चालत नाही.

आणि फोटोतलं ते जाड, वेडंवाकडं, कडा फाटलेलं नाणं. फोटो धूसर आहे, पण एका बाजूला 'राजा'मधला 'रा' आणि खाली 'शि'ची वेलांटी दिसते असं मला वाटतंय. तसं असेल तर ती शिवराई. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळेपासूनचं हे नाणं. हातोड्याने ठोकून पाडलेलं, आणि ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर जवळजवळ कधीच येत नाहीत. कुणाच्या नाण्यावर 'श्री' कापलेलं, कुणाच्या 'व'. पूर्ण शिवराई साधारण अकरा ते तेरा ग्रॅम भरते, अर्धी त्याच्या निम्मी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यावर माणसं दुखावतात. नाण्यावर महाराजांचं नाव आहे याचा अर्थ ते महाराजांच्या हयातीत पाडलं असा होत नाही. पुढच्या छत्रपतींनी, मग पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींनी तोच मजकूर चालू ठेवला. अक्षरं हळूहळू बिघडत गेली, 'शिव'चं 'शीव' झालं, 'सिव' झालं, मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई आली. इंग्रजांचं राज्य आल्यावरही खेड्यापाड्यांत शिवराई चालतच होती. म्हणजे शिवराई एक नाही, दीडशे-दोनशे वर्षांचा तो मोठा गोतावळा आहे. दुदांडी पुष्कळ मिळते आणि सामान्य माणसाला परवडते. अक्षरांचं वळण जुनं, वजन भरीव, दोन्ही बाजू बऱ्यापैकी मधोमध बसलेल्या, अशी सुरुवातीची शिवराई मात्र वेगळ्याच दराने जाते, आणि अक्षरवाटिका, म्हणजे अक्षरांची धाटणी, बघून सांगणारा माणूस लागतो. मला स्वतःला फोटोवरून काळ सांगायला आवडत नाही. दोनदा तोंडघशी पडलोय.

मागणी आली की नकलाही येतात. ओतीव नकलेवर भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे, म्हणजे हवेचे बुडबुडे दिसतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल असतात आणि काठावर साच्याची शिवण लपवण्यासाठी कानस फिरवलेली असते. ठोकलेल्या नाण्याच्या काठाला तांबं ताणून फुटल्याच्या चिरा असतात, त्या नैसर्गिक आहेत. हातोड्याचं नाणं प्रत्येक वेगळं असतं, म्हणून कुणी दोन शिवराया दाखवल्या आणि दोन्हींत अक्षरं तंतोतंत एकाच जागी कापलेली असतील, तर दोन्ही परत करा.

आता प्रत्यक्ष आकडा. काकांचा हिशोब आधी करून टाकू. तुम्ही मोजणी दिलीय त्यानुसार कंपनी आणि राणी मिळून १५०, पाचव्या जॉर्जची काशाची १२०, भोकाची ९०. म्हणजे ९७० ग्रॅम, ५८३ ग्रॅम आणि १८० ग्रॅम. एकूण १,७३३ ग्रॅम, झीज धरून त्याहून थोडं कमीच. पावणेदोन किलोही नाही. आजचा मोडीचा भाव विचारा आणि गुणा. अगदी घासून गुळगुळीत झालेलं नाणंसुद्धा त्याच्या तांब्यापेक्षा जास्त पैसे देतं, म्हणून मोडीत घालणं तोट्याचं. पण या ३६० नाण्यांना प्रत्येकी वेगळी किंमत शोधत बसणंही तितकंच वेडेपणाचं. हा 'लॉट' आहे, तो सरसकट नगावर जातो.

उरलेल्यांसाठी वही करा. साल, राज्यकर्ता, नाण्यावर छापलेली किंमत, वजन, अवस्था. मग भाव बघा, पण विकणाऱ्याने मागितलेला नाही, प्रत्यक्षात विकला गेलेला. संकेतस्थळावर कुणीही पाव आण्याला पाच लाख लिहू शकतं, लिहायला पैसे पडत नाहीत. नाण्यांचे लिलाव करणाऱ्या संस्था आपले निकाल आकड्यांसह जाहीर करतात, ते बघा. तेच साल, तोच प्रकार आणि तीच अवस्था असलेले निदान तीन निकाल सापडेपर्यंत वहीत आकडा लिहू नका. त्या आकड्यात खरेदीदाराने भरलेलं कमिशन धरलंय का तेही बघा, ते विकणाऱ्याच्या हाती येत नाही. व्यापाऱ्याला रोख विकलंत तर त्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास मिळेल. त्याला लोक लूट म्हणतात. मी म्हणत नाही, कारण ते नाणं त्याच्याकडे दोन वर्षंही पडून राहू शकतं. पण दोघांना दाखवल्याशिवाय द्यायचं नाही. एकाने सगळा डबा सोडून एकाच नाण्याकडे तीनदा नजर टाकली, तर ते नाणं त्या दिवशी घरी परत न्या.

ढिगात टांकसाळीच्या चुका निघाल्या तर त्या वेगळ्या. छाप मधोमध न बसता सरकलेला, किंवा एका बाजूला तोच छाप उलटा आणि खोलगट उमटलेला, ज्याला आमच्या धंद्यात 'लखी' म्हणतात. यांना वेडे गिऱ्हाईक असतात.

प्लास्टिकच्या डबीत सीलबंद ग्रेडिंग करून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. तुमच्या डब्यातल्या बहुतेक नाण्यांच्या बाबतीत ग्रेडिंगची फीच नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल. शिवराई जुनी ठरली तर तेवढ्यापुरता विचार करा.

कायद्याचं दोन ओळींत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर पाठवता येत नाही, भाच्याला अमेरिकेत भेट म्हणूनही नाही. आणि डबा माळ्यावर होता म्हणून ठीक, पण वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत काही सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा लागू होतो आणि कलेक्टरला कळवावं लागतं. मर्यादा अजून दहा रुपयांची आहे, म्हणजे जवळजवळ काहीही.

'तुमचं नाणं रिझर्व्ह बँक विकत घेणार, आधी फाइल चार्ज भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात ती नाही आणि तिच्या नावाने कुणाला कमिशन घ्यायचा अधिकार दिलेला नाही.

ठेवायचं कसं? रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने नाणं काळं पडतं. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत, काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या खिडकीची, मायलारची (एक पारदर्शक प्लास्टिक) पाकिटं घ्या. फिकट हिरवी भुकटी झडणारं एखादं नाणं दिसलं तर ते लगेच बाकीच्यांपासून दूर करा, तो रोग पसरतो. घट्ट, गडद हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नका, शिवराईवर तो शोभतोसुद्धा.

तुमच्याकडून मला आता तीनच गोष्टी हव्यात. १९०६ च्या चारही नाण्यांची वजनं. १९११ च्या झग्याचा भिंगातून काढलेला फोटो. आणि त्या जाड नाण्याच्या दोन्ही बाजू, दिवसाच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न मारता, शेजारी पट्टी ठेवून. त्याचं वजन ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत कळवा. 'तोळाभर असेल' असं नको. अकरा आणि तेरा ग्रॅम, दोन्ही हाताला तोळाभरच लागतात.